न आवडलेल्या पुस्तकाची समाप्ती

प्रश्न १. भोंग्याच्या शहरातील लोकांच्या जीवनाचे तुमच्या शब्दांत वर्णन करा.

त्या शहरात सकाळ होत नाही, भोंगा होतो. भोंगा झाला की लोक उठतात, भोंगा झाला की जेवतात, भोंगा झाला की निजतात. कोणाला नाव नाही, आकडा आहे. मोठ्या आकड्याच्या माणसानं भिंतीला चिकटून चालायचं, लहान आकड्याच्या माणसावर त्याची सावली पडता कामा नये. आणि वर्षातून एकदा प्रत्येकानं पांढऱ्या इमारतीत जाऊन आपली एक आठवण जमा करायची. खिडकीतला कारकून विचारतो, "यंदा काय?" माणूस सांगतो. सांगून पाठ फिरवेपर्यंत ती आठवण त्याच्यापाशी उरलेली नसते. बाहेर पडताना त्याला हलकं वाटतं.

एवढं कांतानं लिहिलं आणि पाचांत तिला तीन गुण मिळाले. खाली वासुदेवराव मास्तरांच्या तांबड्या शाईत शेरा होता, ‘तुमच्या शब्दांत लिहा. हे लेखकाचे शब्द झाले.’

तिच्याजवळ तिचे शब्द होते, पण ते उत्तरात लिहिण्याजोगे नव्हते. मले हे पुस्तक आवडत नाई. मले हे घरात नको. असे ते शब्द होते. आणि पुस्तक तर घरातच होतं, तिच्या माईनं मांडलेल्या पाटावर.

प्रश्न २. हे पुस्तक तुमच्या घरी कसे आले?

(असा प्रश्न मास्तरांनी घातला नव्हता. पण त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही.)

अठ्ठावन्न सालचा हिवाळा. हिंगणघाटच्या एका हायस्कुलात दहावीच्या वर्गाला अवांतर वाचनासाठी ‘भोंग्याचे शहर’ लावलं गेलं. कोण्या दूरदेशच्या लेखकाची कादंबरी, कोणीतरी मराठीत आणलेली. प्रती थोड्या, पोरं जास्त, म्हणून दोघांत एक प्रत. कांताची जोडी लागली कोकिळाशी. कोकिळा कापसाच्या दलालाची मुलगी, घरात विजेचा दिवा, मनानं मोकळी.

"आठवडाभर माझ्याकडे राहू दे," ती म्हणाली, "शनिवार-रविवार तू ने. मला फार आवडलंय ग. पांघरुणात शिरून वाचते मी. अंगावर असा काटा येतो, आणि मग आई दूध घेऊन येते."

कांतानं पुस्तक पिशवीत टाकलं.

ती आठवडाभर बापाजवळ राहायची. श्रावण, तिचा बाप, गिरणीत कामाला होता आणि गिरणीजवळच्या चाळीत एका खोलीत राहायचा. तिच्या उशाशी रोज खराच भोंगा व्हायचा, आणि त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. भोंगा झाला की बाप डबा उचलायचा, एवढंच. शनिवारी शाळा अर्धी असे. मग मोटारीनं ती वडनेरला माईकडे जायची, वस्तीत.

मास्तरांना तिनं एकदा विचारलं होतं. वासुदेवराव मास्तर सरळ माणूस. मुलीनं प्रश्न विचारला की त्यांना बरं वाटे.

"सर, हे कुठं झालं आहे?"

"कुठंच नाही. ही कल्पना आहे. माणूस जागा राहिला नाही तर पुढे असं होईल, म्हणून लेखक आत्ताच भीती घालतो."

"पुढे म्हणजे कधी?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "तुला आवडलं नाही का?"

"नाही, सर."

"का बरं?"

भिंतीला चिकटून चालायचं पान त्याच दिवशी वर्गात वाचून झालं होतं. ते वाचताना कोकिळानं कांताचा हात धरला होता, भीतीनं, मजेनं. कांताचा आजा वडनेरच्या बाजारातून असाच चालायचा, आणि तो काही पुढे होणार नव्हता. तो होऊन, म्हातारा होऊन, मरून गेला होता. पण हे कारण सांगितलं असतं तर मास्तरांनी फार चांगलं तोंड करून ऐकलं असतं, आणि सगळा वर्ग मागे वळून पाहत राहिला असता. कांता म्हणाली, "असंच."

"आवडलं नाही तरी पुरं वाच," मास्तर म्हणाले. "अर्धं सोडू नको."

हेच वाक्य तिला वडनेरलाही ऐकावं लागणार होतं, दुसऱ्याच तोंडून.

प्रश्न ३. तुम्हाला विशेष भावलेला प्रसंग लिहा.

वस्तीत पूर्वी श्रावणात पोथी लागायची. आंजीकडून एक म्हातारा वाचणारा यायचा. पाट मांडायचा, त्यावर धुतलेलं फडकं, फडक्यावर पोथी. आणि एकदा मांडलेली पोथी समाप्तीशिवाय उचलायची नाही. अर्धी सोडली तर ती सोडणाऱ्याच्या मागे लागते, असं सगळे मानत. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर पोथीही गेली. वाचणाराही आला नाही. संध्याकाळ मात्र तिथंच राहिली, आणि ऐकायची सवय.

पहिल्या शनिवारी कांता दिवेलागणीला चिमणीजवळ बसून पुस्तक ओठांत पुटपुटत होती. तानाबाई, तिची माय, चुलीपाशी होती.

"मोठ्यानं वाच ना व. तोंडातल्या तोंडात कोनाले वाचून राह्यली?"

कांतानं मोठ्यानं वाचलं. शेजारची अनुसयाबाई विस्तव मागायला आली ती बसूनच राहिली. पुढच्या शनिवारी कांता घरी पोचली तर पाट मांडलेला. त्यावर फडकं. ती काही बोलायच्या आत माईनं पिशवीतून पुस्तक काढून फडक्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी.

‘आणि ती स्त्री खिडकीपाशी आली. कारकून म्हणाला, यंदा काय?’

"काय देते ते?" अनुसयाबाईनं विचारलं.

‘स्त्री म्हणाली, माझ्या लग्नाच्या दिवशी पडलेले ऊन.’

"माहं सारंच लगन घेऊन जा म्हना त्याले. वरून नवरा बी देते."

"चूप बस व, अनुसये. वाच, कांते."

‘कारकुनाने लिहून घेतले. स्त्री वळली. दारापर्यंत पोहोचताना ती थांबली व तिचे डोळे भरून आले; पण कशासाठी, ते तिला सांगता आले नसते.’

"तिले समजत नाई का मंग, आपून काय देल्लं ते?" तानाबाईनं विचारलं.

"नाई. देल्लं का गेलंच."

"मंग रडते कशी?"

"काईतरी गेलं एवढं समजते, माय. काय गेलं ते नाई समजत."

तानाबाईनं चिमणीच्या वातीवरची काजळी काडीनं झाडली. झाडायला फारसं काही नव्हतं, तरी ती बराच वेळ झाडत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माय वावरातून घरी आली तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओला होता आणि पायांच्या नखांत काळा गाळ. वावरं तर कोरडी होती. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईच्या पायाला माघात गाळ कुठून लागणार. ओला गाळ गावात एकाच जागी होता.

प्रश्न ४.

(फळ्यावरून पुसला गेला. कांताच्या वहीत नुसता आकडा आहे.)

कांताला एक भाऊ होता, लहानू. ती सहा वर्षांची आणि तो तीन, तेव्हा गावात देवीची साथ आली आणि तो गेला. वर्षानं माईनं त्याचा टाक करवला. टाक म्हणजे तांब्याचा पत्रा, तळहाताच्या अर्ध्याएवढा, त्यावर उठवलेली मूर्ती. हिंगणघाटचा एक सोनार करून द्यायचा. तो टाक देवांच्या रांगेत कडेला असायचा. सणाला सगळ्यांआधी त्याच्यापुढे घास जायचा, मग देवांपुढे. देवांनीही कधी तक्रार केली नाही.

मग नागपूरची दीक्षा झाली. वस्ती सगळी गेली होती, पांढरी लुगडी, पांढरी धोतरं घालून. परतल्यावर बाबाराव जुने देव गोळा करायला टोपलं घेऊन दारोदार फिरले. बाबाराव वस्तीतले शहाणे माणूस, चार बुकं शिकलेले, आवाज खडा. "ज्यानं त्यानं आपल्या हातानं टाकजा," ते म्हणत होते. "मी कोनाच्या घरातून काही उचलनार नाई."

तानाबाईनं आपल्या हातानं टाकले. एकेक देव नाव घेऊन टाकला, जसं पाहुण्याला निरोप देतात. शेवटी लहानूचा टाक राहिला. तो तिनं मुठीत धरला. टोपलं दारात थांबलं होतं, मागे लोक थांबले होते, गाणं म्हणत होते. देवांच्या रांगेतला होता तो. रांग उठली, तर तो एकटाच कसा राहणार? तिनं मूठ उघडली. टोपल्यात आवाजही झाला नाही.

नाल्याच्या डोहात सगळं गेलं. आणि घर मोकळं झालं, हे खोटं नाही. वर्षभर तानाबाई सुखानं निजली. कांतानं पाहिलं होतं ते. माय ताठ चालायला लागली होती, बाजारातून रस्त्याच्या मधून जायला लागली होती. लहानूचं नाव त्या वर्षात घरात कोणी काढलं नाही. कोणी बंदी घातली नव्हती, पण जागाच उरली नव्हती ते काढायची. पूर्वी घास ठेवताना निघायचं.

मग पुस्तक आलं.

प्रश्न ५. शहरातील लोक आठवणी स्वखुशीने देतात की सक्तीने? चर्चा करा.

त्या साली पाऊस रुसला होता. आदल्या उन्हाळ्यात डोह टिकला होता. या खेपेस माघ सरता सरता काठ उघडे पडले, आणि पाण्यातून एकेक वर यायला लागलं. आधी शेंदराचा एक दगड. मग एका देवाचं अर्धं तोंड, नाकापर्यंत. गुरं पाजायला नेणाऱ्यांनी ती वाट सोडली. वस्तीतल्या बायका मान वळवून जायला लागल्या, ओळखीचं कोणी उन्हात बसलं आहे आणि आपण बोलायचं नाही ठरवलं आहे, तशा.

ज्यांच्या वावरात तानाबाई वेचणीला जायची त्या देवकाबाई वेचणी मोजून घेताना म्हणाल्या, "काव तानाबाई, तुमचे देव वर येऊन राह्यले म्हन्ते डोहात. घरी न्या म्हनत असतीन."

"येऊ द्या, पाटलीनबाई," तानाबाई म्हणाली. "त्यायले तुमच्या घरची बी वाट मालूम हाय."

बोलायला ती कोणाला हार जायची नाही. पण कांतानं दर रविवारी पाहिलं, माय दुपारी भाकर सोडून डोहावर जात होती. पाण्यात मांड्यांइतकं उतरून पायांनी गाळ चाचपत होती. तिला पोहता येत नव्हतं, आणि डोहाच्या मधोमध अजून खोल होतं.

फाल्गुनातल्या एका शनिवारी बाबाराव तानाबाईच्या अंगणात आले. पाट मांडलेला होता. पुस्तकाची शेवटची काही पानं राहिली होती.

"उद्या दुपारून फावडे घेऊन जाऊ," बाबाराव म्हणाले. "वर आलेलं सारं खोल खड्ड्यात पुरून टाकू. हासते लोक."

अनुसयाबाईनं सुपारी तोंडात टाकली.

"बाबारावजी," कांतानं विचारलं, "आपून टाकलं ते आपल्या मनानं टाकलं ना?"

"काऊन विचारून राह्यली?"

"या पुस्तकातले लोक बी आपल्या मनानंच देते. कोनी मारत नाई त्यायले."

बाबारावांनी पुस्तकाकडे पाहिलं. पुस्तकाची गोष्ट वस्तीत आता सगळ्यांना माहीत होती. बायकांनी ती वेचणीत एकमेकींना सांगितली होती, आणि सांगताना ती बरीच लांब झाली होती.

"त्या लोकायले खिडकीपाशी उभं केलं कोनीतरी," ते सावकाश म्हणाले. "आपल्याले कोनी उभं केलं? आपून आपल्या पायानं गेलो. गात गेलो. जे टाकलं ते आपल्या मानेवर बसलं व्हतं, पोरी. तुह्या मास्तरच्या बुकात हे नसंन."

ते खरं होतं, आणि पुस्तकात नव्हतंच. कांताला त्यांचा आधार वाटला. पुस्तक तिला आवडत नव्हतं ते याचसाठी होतं बहुतेक: सगळं टाकणं त्यानं एकाच खिडकीत नेऊन घातलं होतं.

"देव टाकले ते टाकले," तानाबाई म्हणाली. "त्यायचा मले घोर नाई, बाबाराव. पन लहानू कुठी देव व्हता?"

बाबाराव उठले. त्यांची एक लेक त्याच साथीत गेली होती. तिचा टाक त्याच टोपल्यात होता.

"उद्या दुपारून," एवढंच म्हणाले ते.

प्रश्न ६. शेवट थोडक्यात सांगा.

कांतानं शेवट मोटारीत वाचून ठेवला होता. म्हणून ती म्हणाली, "आज नको, माय. पुढची पानं फाटली हायेत."

तानाबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "एवढी हायेत ना अजून."

"माय, हे पोथी नाई व. कोन्या मानसानं मनानं लिहिलं हाय. सोडलं तं काई होत नाई."

"पोथी बी मानसानंच लिहिली व्हती. बाबाराव सांगून राह्यले ना वर्सभर." तिनं चिमणी पुढे सरकवली. "त्या बाईचं काय झालं ते सांग. अर्धी नको ठेवू तिले."

शेवट बदलावा, असं कांताच्या मनात आलं. पण माईनं जन्मभर पोथी ऐकली होती. वाचणाऱ्याचा आवाज कागदावरून उठला की तिला कळायचं. आंजीच्या म्हाताऱ्याला तिनं दोनदा पकडलं होतं, पान उलटताना घाईत ओवी गाळली म्हणून. कांतानं बोट ओळीवर ठेवलं.

‘तिच्यापाशी आता एकच आठवण उरली होती, आणि ती होती तिच्या मुलाचे नाव. कारकून म्हणाला, यंदा काय? ती पुष्कळ वेळ गप्प राहिली. मागे रांग होती. मग तिने ते नाव सांगितले.

‘बाहेर पावाची रांग होती. एका तरुणाने तिला पाहिले आणि आपली जागा तिला दिली. तिने मान लववून त्याचे आभार मानले आणि पाव घेऊन ती निघून गेली. तरुण तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिला. मग भोंगा झाला.’

संपलं. अनुसयाबाईची सुपारी तोंडात थांबली होती.

"त्यानं ओयखलं व्हतं तिले?" तानाबाईनं विचारलं.

"हो. त्या पोरानं आपल्या मायची आठवण देल्ली नव्हती अजून."

"मंग त्यानं हाक काऊन नाई मारली?"

वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मास्तरांनीही नाही. कांतानं ते पान पुन्हा पाहिलं. तिथं कारण दिलेलं नव्हतं.

"मालूम नाई, माय."

"हाक माराले काय लागते," तानाबाई म्हणाली. मग ती उठली, समाप्ती होती म्हणून डब्यातून गूळ-फुटाणे काढले, सगळ्यांच्या हातावर ठेवले. एक चिमूट पाटावर ठेवली, पुस्तकाशेजारी. ती कोणासाठी, ते तिनं सांगितलं नाही.

उत्तर.

(याला प्रश्न नाही.)

रविवारी सकाळी त्या दोघी डोहावर गेल्या. बाबाराव यायच्या आत जायचं, एवढंच माय म्हणाली होती. पाणी रात्रीतून आणखी खाली गेलं होतं. मधे एक डबकं, आणि भोवती गाळ, उन्हानं वरून तडकलेला, आतून ओला. त्यात सगळी मंडळी पडलेली. कोणी पालथी, कोणी कुशीवर.

"तू काठावर राह्य," माय म्हणाली, पण कांता उतरली. मायलेकी वाकून गाळ चाळायला लागल्या, वेचणीसारख्या, एकीमागे एक ओळ धरून. हाताला काही लागलं की गाळातून ओढायचं, डबक्यात धुवायचं, काठावर ठेवायचं. दगड सोडून द्यायचा. पितळेचे देव सोडून द्यायचे. टाक तेवढे ठेवायचे.

टाक निघत गेले. पुरुषांचे होते, बायकांचे होते, ते तानाबाईनं बाजूला सारले. पोरांचे टाक वेगळे ओळखू यायचे, मूर्ती ठेंगणी, हात वर केलेले. ते तिनं एका रांगेत मांडले, पदरानं पुसले, अंगठ्यानं घासले. तांबं उघडं पडून उन्हात लाल व्हायला लागलं.

मग ती त्यांच्यापुढे बसली आणि पाहत राहिली.

कांतानंही पाहिलं. सगळे सारखे होते. सगळ्यांचे हात वर. सगळ्यांना तेच गोल डोळे, तोच मिटलेला ओठ. सोनारापाशी एकच ठसा असणार, पोरांचा. साथीनंतरच्या त्या वर्षात त्यानं तो किती वेळा ठोकला असेल. घरोघरी एकेकटा होता तोवर प्रत्येक टाक कोणाचा तरी होता. रांगेत मांडल्यावर ते नुसते टाक झाले.

तानाबाईनं पहिला उचलला, तळहातावर तोलला. ठेवला. दुसरा उचलला. त्याची मागची बाजू पाहिली. नाकाशी नेला. ठेवला. तिच्या तोंडावर तिनं कोणालाच कधी दाखवलं नव्हतं असं काहीतरी यायला लागलं, आणि कांतानं मान फिरवली, तर काठावर बाबाराव उभे.

एकटेच आले होते, फावडं खांद्यावर. लवकर आले होते. का, ते त्यांनाच माहीत. त्यांनी रांग पाहिली. फावडं खाली ठेवलं.

"तानाबाई," ते हलक्यानं म्हणाले, "घरी न्याचा असंन तं ने. मी काई पाह्यलं नाई."

तानाबाईनं वर पाहिलं.

"कोनता नेऊ, बाबाराव?"

बाबाराव गाळात उतरले. पायातल्या वहाणा काढायचं विसरले. रांगेपाशी उकिडवे बसले आणि पहिल्यापासून पाहत गेले, शेवटपर्यंत, आणि परत पहिल्यापर्यंत. त्यांची लेकही त्यातच होती. पोरगा आणि पोरगी असा ठसा वेगळा नव्हता. त्यांनी नुसतं एका टाकाला बोट लावलं, मग त्याच्या शेजारच्याला.

"कांते," माय म्हणाली, "तू हाक मार."

"कोनाले, माय?"

"त्याले. त्या बुकातल्या पोरानं नाई मारली. तू मार."

कांता गाळात पिंढऱ्यांपर्यंत रुतून उभी होती. तिनं हाक मारली. फार मोठ्यानं नाही. "लहानू." वर्षभरात ते नाव ती पहिल्यांदा घेत होती, आणि ते तोंडात बसेना; दुसऱ्याच्या घरातलं भांडं हातात घ्यावं तसं ते वाटलं. तिनं पुन्हा हाक मारली. आपण ज्याला हाक मारतो आहोत तो कसा होता, हे आपल्याला माहीत नाही, हे तिला दुसऱ्या हाकेच्या मधोमध कळलं.

डबक्यावरून एक टिटवी ओरडत गेली. टाक जसे होते तसे पडून होते, हात वर करून, कोणीतरी उचलून घ्यावं म्हणून पोरं करतात तसे.

दुपारी वस्तीची माणसं आली. खड्डा खोल झाला. देव आधी गेले. पोरांचे टाक तानाबाईनं स्वतः ठेवले, एकाला एक लावून, कोणाला टाकायचं किंवा फेकायचं नाही म्हणाली. माती लोटताना कोणी गाणं म्हटलं नाही. बाबारावांनी म्हणायला सुरुवात केली होती, पण पहिल्याच ओळीला थांबले.

प्रश्न ७. कादंबरीचा शेवट तुम्हाला पटला का? सकारण लिहा. (गुण दहा)

वार्षिक परीक्षेत कांतानं मास्तरांना हवं तेच लिहिलं. लेखक सावध करतो, माणसानं जागं राहावं, इत्यादी. शब्द या वेळी तिचे होते, निदान पुस्तकाचे नव्हते. दहांत आठ गुण पडले. उत्तराच्या खाली तिनं एक ओळ जास्तीची लिहिली होती: ‘हे पुस्तक पुढच्या वर्गाला लावू नये.’ त्या ओळीखाली तांबड्या शाईत मास्तरांनी एकच शब्द लिहिला होता, ‘का?’ पेपर हातात देताना ते थांबले, उत्तराची वाट पाहत. कांता "असंच" म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. मास्तरांना वाईट वाटलं असावं. माणूस वाईट नव्हता.

पुस्तक कोकिळाकडे गेलं होतं. तिनं शेवटचं पान वाचून रडून घेतलं आणि कांताला मिठी मारली.

वडनेरला पाट मात्र उठला नाही. शनिवारी कांता घरी पोचायची तर पाट मांडलेला, फडकं अंथरलेलं, वर काहीच नाही. दिवेलागणीला अनुसयाबाई यायची, आणखी एक-दोघी यायच्या. तानाबाई चिमणी पुढे ओढायची आणि लहानूचं सांगायला लागायची. मोकळ्या फडक्याकडे पाहत, आंजीचा म्हातारा वाचायचा त्या चालीवर.

पहिल्या शनिवारी तिनं सांगितलं की तो उशिरा बोलायला लागला, अडीच वर्षांचा होईतो नुसता हुंकार. सगळ्या जणी ऐकत होत्या. दुसऱ्या शनिवारी तिनं सांगितलं की पाळण्यातच तो बोबडं बोलायचा आणि कांताला ‘काता’ म्हणायचा. अनुसयाबाईनं मान वर केली. जिला कशावरही थट्टा सुचे, ती त्या संध्याकाळी विस्तव न मागताच घरी गेली. एका शनिवारी त्याला सावळा रंग होता. एका शनिवारी तो बापावर गेला होता, उजळ. बाप, श्रावण, त्या दिवशी घरी आला होता. तो उठून अंगणात गेला आणि बैल नसलेल्या खुंट्यापाशी उभा राहिला.

कांता ऐकायची. आपलं काय उरलं आहे ते ती मनात शोधायची. एक लहानगा पाय होता, तापलेला, तिच्या दोन्ही हातांत धरलेला. एवढंच. पण तो पाय तिला खरंच आठवत होता, की गेल्या शनिवारी माईनं सांगितला होता, याचा पत्ता तिला लागेना. ती डोळे मिटायची तेव्हा पायाच्या वर काही नसायचं. तिथं एक खिडकी असायची.

चैत्र संपत आला होता. त्या संध्याकाळी तानाबाई सांगता सांगता थांबली. तिचा हात स्वतःच्या गालावर गेला, आधी एका, मग दुसऱ्या. बायका वाट पाहत होत्या. चिमणीची वात फडफडली, कोणी नीट केली नाही.

"कांते," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ कुठं ठेवलं विचारावं तसा. "त्याचा तीळ कोन्या गालावर व्हता व?"

कांताला तीळ आठवत नव्हता. तीळ होता हेही तिला आत्ता कळत होतं. माय तिच्याकडे पाहत होती, आणि मागे रांग असल्यासारख्या सगळ्या गप्प होत्या.

"डाव्या," कांता लगेच म्हणाली.

"हो," तानाबाई म्हणाली. "डाव्या."

तिला हलकं वाटलं. ते तिच्या तोंडावर दिसलं, आणि कांतानं मान खाली घातली.